एक जूनच्या बाई

दर वर्षी एक जूनला सकाळी सातपासून माझ्या मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा यायला लागतात. बँकेच्या येतात, विमावाल्यांच्या येतात, एका चष्म्याच्या दुकानाच्या तर फुलांसकट येतात. माझा वाढदिवस त्या दिवशी नसतो. आईच्या सांगण्याप्रमाणे मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मले. कोणत्या वर्षीच्या पोळ्याच्या, हे मात्र तिला छातीठोकपणे सांगता यायचं नाही. उमरीच्या शाळेत वडील नाव घालायला घेऊन गेले तेव्हा हेडमास्तरांनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पुरतो का ते पाहिलं, पुरला, आणि त्यांनी रजिस्टरात एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये उघडायची, वय त्या हिशेबात बसवायचं, मग हीच तारीख सगळ्यांत सोयीची. आमच्या वर्गात जेमतेम चार-पाच जणांचे वाढदिवस वेगळे होते. ती सगळी नोकरदारांची लेकरं. बाकी आम्ही अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेलो.

पुण्याच्या माझ्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो पाच मिनिटं हसत होता. हसू दे. याच एक जूनने माझी एकदा चांगलीच फजिती केली होती, आणि त्या फजितीतून मला बाहेर काढलं ते बिराजदारबाईंनी. बाईंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचीही कागदावरची तारीख एक जूनच होती.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर, त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पुढे टाइपरायटर मागच्या भिंतीला सरकले आणि टेबलांवर कॉम्प्युटर आले. पाटी तीच राहिली, फक्त खाली एक ओळ वाढली. बाई स्वतः कॉम्प्युटर शिकल्या त्या चाळिशी ओलांडल्यावर, एका पुस्तकावरून आणि पुष्कळशा हट्टावरून. पण बोटं टाइपरायटरचीच. की-बोर्डवर त्या असे काही ठोके घालत की दर सहा महिन्यांनी एक बदलावा लागे. आणि ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप हवेत जाई आणि टाइपरायटरचा दांडा ढकलावा तसा उजवीकडे सर्रकन फिरे. तिथे दांडा नाही हे त्यांच्या हाताला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

बुटक्या, सावळ्या, कपाळावर विभूतीच्या तीन बोटांचा फिकट पट्टा, अंगावर नायलॉनची साडी. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. हातात कायम एक लाकडी पट्टी. ती मारायची नव्हे, वाचताना ओळीखाली धरायची. बोलणं निलंग्याकडचं, मधूनच एखादा "अय्यो" घालून. त्यांच्या घरी कोण कोण होतं हे मला कधी नीट कळलं नाही. एक भाऊ नांदेडला होता एवढं माहीत होतं, तेही पुढे त्या त्याच्याकडे राहायला आल्या म्हणून.

आणखी एक खोड म्हणजे त्या कुणालाही नावाने हाक मारत नसत. गावाने मारत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा "कुठली गं?" म्हणून विचारलं. "उमरी" म्हटलं, तेव्हापासून मी उमरी. एक हदगाव होता, एक विष्णुपुरी होता, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातला तरुण लेक्चरर. दोघंजण उदगीरचे निघाले तर त्यातला उंच तो थोरलं उदगीर आणि दुसरा धाकटं उदगीर. "नावावर माझा इस्वास न्हाई," असं त्या म्हणत. मला आधी तो विनोद वाटला होता.

आता त्यांच्या त्या दिवसाबद्दल. दर एक जूनला बाई आपली इन्स्टिट्यूट बंद ठेवायच्या आणि नांदेड-लातूरकडच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणाही माणसाला दिवसभर मोफत बोलवायच्या. त्या वेळी आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारे म्हणजे कोण? पतसंस्थेचे ऑपरेटर, साखर कारखान्याच्या ऑफिसातले दोघं, कॉलेजचे लेक्चरर, आणि माझ्यासारखे क्लासमध्ये नोकरीला असलेले. सगळे एकेकटे, कुणाला विचारावं तर आसपास विचारायला माणूस नाही. लातुरात तेव्हा बोळाबोळांत क्लास निघत होते. सकाळी सहाला सायकलींची अशी गर्दी व्हायची की दूधवाल्याला वाट मिळत नसे. जिथे सायकल उभी करायलाही पैसे पडायचे तिथे बाई अख्खा दिवस फुकट शिकवतात म्हटल्यावर लोकांना संशय यायचा. विष्णुपुरीने एकदा त्यांना सुचवलं, "मॅडम, थोडी तरी फी ठेवा, लोक किंमत करतील." बाई म्हणाल्या, "फी घेटली की मला शिकवावं लागंल. फुकट हाय म्हनून तुमाला शिकावं लागायलंय."

मी पहिल्या वर्षी गेले ती मात्र शिकायला नाही. धपाटे-दही आणि शेंगदाण्याच्या चटणीसाठी गेले. जेवण फार चांगलं असतं असं हदगावने सांगितलं होतं. लातूरच्या भूकंपाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. मी ज्या क्लासमध्ये होते त्याचं एक केंद्र नांदेडला आणि एक लातूरला. दहावी झालेल्या हुशार आणि गरजू मुलांसाठी साठ जागा मोफत ठेवल्या होत्या, दोन वर्षांच्या शिकवणीसकट आणि होस्टेलसकट. त्याची परीक्षा नुकतीच झाली होती, यादी मी तयार केली होती आणि दोन जूनला सकाळी दहा वाजता ती लागायची होती. यादीचा छापील कागद माझ्या पर्समध्ये होता. खरं सांगायचं तर तो दाखवून जरा मिरवावं, हाही हेतू होताच.

कार्यक्रम सुरू व्हायचा तो दीपप्रज्वलनाने नाही, नारळाने नाही. हॉलच्या मध्ये एक खुर्ची मांडलेली, तीवर साठीच्या पुढची एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, हातात पिशवी, पाय खुर्चीवर वर घेतलेले. बिराजदारबाई म्हणाल्या, "ह्या गंगामावशी. आधी त्या सांगतील." आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसल्या.

गंगामावशींनी सांगितलं ते असं.

"गणपती पान्यात शिरवले त्या रातीच्या पहाटं आमचं गाव गेलं. घर गेलं, सून गेली. मी न् नातू तेवढे जित्ते निघालो. मंग जीपा आल्या. पत्रे वाटायचे हुते, शेडासाठी. एका बाजूला लिहिणारे, एका बाजूला ही बाई, पुढ्यात टाइपाची मशीन. लिहिलेलं बघून टाइप करायची. आता माझं नाव गंगाबाई. खालच्या आळीतली एक, तीबी गंगाबाई. आडनाव एकच. मालकायची नावंबी एकच. हिनं काय केलं? हिला वाटलं, एकच बाई दोनदा लिहिली. एक ठिवली, एक खोडली. खोडली ती मी."

मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि पुढे बोलायला लागल्या.

"पाच दिस मी उघड्यावर. मागाय गेले की म्हनायचे, म्हातारे, तुला पत्रे दिलेत, दुसऱ्यांदा काऊन मागायलीस? घर गेलं ते सोसलं वो मी. पर मला गावात लबाड म्हनले. पाचव्या दिसी मी हिच्या मशीनपुढं जाऊन बसले. मनलं, मी हाय की वो हितं. मंग कागदावर का न्हाई?"

बाईंनी तेव्हा हाताने लिहिलेले कागद पुन्हा काढून पाहिले होते. दोन वेगळी अक्षरं, दोन वेगळ्या गंगाबाई. त्या उठल्या, नव्या कागदावर पहिलं नाव यांचं टाइप केलं आणि स्वतः सोबत जाऊन पत्रे मिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. "तवापासून ही मला सोडंना," मावशी म्हणाल्या. "दर साली न्यायला मानूस धाडती अन् समद्यापुढं हेच सांगाय लावती."

पुढच्या वर्षांत मी ही हकीकत बऱ्याचदा ऐकली. पाच दिवसांचे सात झाले, सातांचे नऊ, शेवटी शेवटी तर बारावर गेले. बाईंनी कधी दुरुस्ती केली नाही. एकदा मीच विचारलं, खरे किती होते? बाई म्हणाल्या, "तिला जितके वाटले तितके." आपल्या चुकीची गोष्ट दर वर्षी चाळीस माणसांसमोर, ज्याचं नुकसान झालं त्याच्याच तोंडून ऐकायची, हे माझ्याच्याने झालं नसतं.

एवढं झालं की कामाला सुरुवात. ज्याने त्याने आपला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा, आणि दाखवायचा तो गंगामावशींना. मावशींची नोंद त्या प्रोग्रॅममध्ये झाली पाहिजे ही अट. त्या दिवशी पहिला नंबर हदगावचा. त्याने दवाखान्यासाठी पेशंटची नोंद करायचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याने ऐटीत विचारलं, "मावशी, नाव?"

"गंगाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

मावशींनी पदर पुढे ओढला. "त्यायचं नाव मी कसं घिऊ?"

"मावशी, ते भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

"मंग नको जाऊस. बस हितंच."

हॉल हसून हसून आडवा झाला. हदगावचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने तसाच रेटा लावून जन्मतारीख विचारली, तर मावशी म्हणाल्या, "रझाकाराच्या टायमाला माझं लगीन झालतं, आता तूच बघ." स्क्रीनला आठ आकडे हवे होते. हदगाव दोन मिनिटं त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "एक जून टाकू?"

"टाक," मावशींनी परवानगी दिली.

बाई उठून त्याच्याजवळ गेल्या. "बगितलास? अजून एक वाढली एक जूनवाली. उद्या ह्याच तारखेवरून मानूस वळखाय जाशील अन् फसशील." हे त्या हदगावला म्हणाल्या. मला मात्र त्याच क्षणी पर्समधली यादी आठवली. तेवढ्यात जेवण आलं आणि मी तो विचार धपाट्याखाली दाबून टाकला.

जेवणानंतर माझी पाळी आली. मी पर्समधून यादी काढली आणि उभी राहून तिचं कौतुक सांगायला लागले. काम तसं अवघड होतंच. परीक्षा शनिवारी नांदेडला आणि रविवारी लातूरला होती. आमच्याकडचे आईबाप असे तरबेज की त्यांनी एकाच लेकराचा अर्ज दोन्हीकडे भरला आणि दोन्हीकडे परीक्षेलाही बसवलं. इथे नाही तर तिथे. क्लासचा नियम होता की पहिल्या परीक्षेचेच मार्क धरायचे, दुसरी नोंद काढून टाकायची. आता दोन केंद्रांवरच्या दोन टायपिस्टांनी नावं इंग्रजीत टाकलेली, एकाची सुनीता एक तर दुसऱ्याची भलतीच. स्पेलिंग जुळता जुळेना. म्हणून मी युक्ती केली होती. नावाचं फक्त पहिलं अक्षर घ्यायचं, आणि वडिलांचं नाव, आडनाव, गाव नि जन्मतारीख जुळली की माणूस एकच धरायचा. जुळलेल्यांतली दुसरी नोंद प्रोग्रॅम आपणहून काढून टाकत होता. क्लास चालवणाऱ्या सरांनी यासाठी माझी पाठ थोपटली होती.

बाईंनी यादीकडे बघितलंसुद्धा नाही. "ही आत आलेल्यांची झाली. ही तर उद्या समदं लातूर वाचंल. काढून टाकलेल्यांची कुठाय?"

"ती छापली नाही, बाई."

"छाप की मंग."

फ्लॉपी माझ्याकडे होती. प्रिंटर कर्रकर्र करत बराच वेळ चालला. कागदाची ती लांबलचक पट्टी हातात घेऊन मी मावशींसमोर उभी राहिले. बाईंनी आपली लाकडी पट्टी माझ्या हातात दिली. "एकेका ओळीखाली धर. जोडीनं वाच. मोठ्यानं."

मी वाचत गेले. सुनीता मारोती आणि सुनिता मारोती. मावशी म्हणायच्या, "एकच." पुढचं. बालाजी ग्यानोबा आणि बाळाजी ग्यानोबा. "एकच." वाचता वाचता मला कंटाळा यायला लागला, लोकही जांभया द्यायला लागले. आणि मग एका ओळीवर मी वाचलं, "सविता मारोती, संगीता मारोती." आडनाव एक, गाव हदगावच्या पुढचं एक, दोघींची जन्मतारीख एक जून.

मावशींनी फक्त दोन बोटं वर केली.

मी खालच्या ओळी भराभर वाचल्या. आणखी निघाले. दत्ता आणि दिगंबर, रेखा आणि राधा. ज्या तारखेवरून मी माणसं ओळखत होते ती माझी स्वतःचीही खोटीच तारीख होती, आणि हे मला ठाऊक होतं! पुण्यातल्या कुणी चूक केली असती तर गोष्ट वेगळी. मी उमरीची. माझ्या वर्गात एका तारखेला तीस पोरं जन्मली होती, आणि हे प्रोग्रॅम लिहिताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काढून टाकलेल्या त्या मुलांचे मार्क बघितले. बाकीची साठांच्या बरीच खाली होती, त्यांना फरक पडत नव्हता. संगीताला पडत होता. तिचा नंबर अकरावा लागत होता. सविता, जिला मी ठेवलं होतं, ती दोनशेच्याही पुढे. उद्या दहा वाजता यादी लागली असती, संगीता मारोतीने आपलं नाव शोधलं असतं, नसतं सापडलं, आणि ती आपल्याला जमलं नाही असं समजून गावी गेली असती. कुणाला कधी कळलंही नसतं. मला तिथेच रडू कोसळलं. हॉलमध्ये माझ्यापेक्षा लहान लोक होते, त्यांच्यादेखत.

"रड मागून," बाई म्हणाल्या. "त्या दोघी हायत का एक हाय, हे तरी तुला कुठं मालूम हाय? सविताचंच कुणी संगीता लिहिलं असंल. विचार."

"कुणाला विचारू?"

"मानसाला."

अर्जावर फोन नंबर होता, पण तो त्यांचा नव्हे. गावातल्या किराणा दुकानाचा. त्या वेळी ज्याच्या घरी फोन नाही तो शेजाऱ्याचा किंवा दुकानाचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. लिहायचा, म्हणजे निरोप देऊन बोलवून घ्या. खालच्या एसटीडी बूथमध्ये मी आणि बाई दोघी घुसलो. आत एकालाच जागा. फोन लागत नव्हता. चौथ्यांदा लागला.

"हॅलो, कोन?"

"लातूरहून बोलतेय, क्लासमधून. जरा मारोतीरावांना बोलवता का?" मी आडनाव सांगितलं.

"कोनता मारोती पाहिजे?" पलीकडून दुकानदार म्हणाला. "दोन हायत. एक वेशीकडला अन् एक हिरीवरला."

बाईंनी रिसीव्हरला कान लावला होता. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"त्यांच्या मुलींचं काम होतं. सविता आणि संगीता."

"वेशीकडल्याची सविता, हिरीवरल्याची संगीता. चुलत चुलत लागत्यात. एका बाकावरच्या हायत दोघी. का बरं? काय झालं का?"

"काही नाही, काही नाही. संगीता कुठे परीक्षेला बसली होती?"

"लातूरला. माझ्याच गाडीत आल्ती ना. बाई, लागला का तिचा नंबर? बापाला बोलवू का?"

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी 'आत्ता नको' अशी मान हलवली. "उद्या दहा वाजता या म्हणावं," मी म्हटलं. "बापाला घेऊन या."

फोन ठेवला आणि बाईंनी माझ्या पाठीत असा एक धपका घातला की मी बूथच्या काचेवर आपटले. "सुटलीस गं उमरी!" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते माझ्यासाठी भरले नव्हते हे मला कळत होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी बूथवाल्याकडची उरलेली चिल्लर तशीच टाकून जिना चढून गेले.

अर्थात सरांना सांगायचं बाकी होतं. ते क्लासवर होते आणि पेंटर समोरच्या भिंतीवर साठ नावांचा बोर्ड रंगवत होता. अठ्ठावन्नावं नाव चालू होतं. मी सगळं सांगितलं, एक जूनसकट. सरांनी मला काढून टाकलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. मग ते म्हणाले, "साठावा कोण आहे?"

"कळंबचा एक मुलगा, सर."

"त्याला काढायचं?"

माझ्या मागे बाई उभ्या होत्या. बोलवलं नव्हतं, तरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, काढू नका. लई खोडाखोड झाली. एकसष्ट करा."

सरांनी पेंटरला विचारलं. पेंटर म्हणाला, पुसणार नाही, वरून रंग मारला तर फुगेल, पाहिजे तर खाली चौकटीवर बसवतो. म्हणून अकराव्या नंबरची संगीता बोर्डाच्या अगदी तळाशी, चौकटीच्या पिवळ्या पट्टीवर, बारीक अक्षरांत लागली. दुसऱ्या दिवशी मी लांबून पाहत होते. तिने वरून खाली वाचत आणलं. पन्नाशीपर्यंत येता येता तिचं तोंड उतरत गेलं. मग ती खाली वाकली, जवळजवळ उकिडवीच बसली, आणि तशीच बसून राहिली. तिचा बाप घाबरून धावला. मग त्यालाही ते नाव दिसलं.

त्यानंतर मी एकही एक जून चुकवला नाही, लग्न होऊन नांदेडला गेले तरी. माझ्या प्रोग्रॅममधून मी एक गोष्ट कायमची काढून टाकली. आपणहून कुणालाही पुसायचं नाही. सारखी माणसं दिसली की थांबायचं. गंगामावशी गेल्या त्या वर्षी बाईंनी धपाटे करणाऱ्या काकूंना खुर्चीवर बसवलं आणि मावशींची गोष्ट पहिल्यांदा स्वतः सांगितली. त्यांनी बारा दिवस सांगितले.

बाईंची माझी शेवटची भेट नांदेडला झाली. वयाने थकल्या म्हणून त्या भावाकडे येऊन राहिल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करायचं होतं, आणि भाची बाहेरगावी म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. नोंदणीच्या खिडकीसमोर रांग होती. बाईंची पाळी आली. आतल्या मुलीने नाव, गाव, तारीख विचारली. बाईंनी सांगितलं. मुलीने टाइप केलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे असं मध्ये मध्ये थांबतंय," ती शेजारणीला म्हणाली. "नुसती एक जूनची माणसं आली की झालंच."

मग तिने मान वर केली. "आजी, गुडघ्यासाठी आल्ता का मागच्या महिन्यात? निलंग्याच्या बिराजदार?"

"न्हाई बाई," बाई म्हणाल्या. "ती दुसरी. माझं डोळ्याचं हाय."

"बराय. मग नवीन कागद काढते."

बाई खिडकीवर रेलल्या. त्यांना स्क्रीन दिसत होता, अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "काय लिवलंय गं त्याच्यावर? वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. "या नावाची व्यक्ती आधी नोंदलेली दिसते. तीच आहे का, हे समोरच्या माणसाला विचारा."

रांगेतले लोक बघायला लागले. बाईंनी स्क्रीनकडे बोट केलं.

"कुणी लिवलंय हे?"

ते मी लिहिलं होतं, सहा वर्षांपूर्वी, या दवाखान्याचा प्रोग्रॅम केला तेव्हा.

"असंल कुणीतरी एक जूनवालं," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे तोंड केलं. कितपत दिसत होतं कोण जाणे. मग मुलीने पुढे केलेला कागद त्यांनी घेतला, नीट चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला, आणि त्यांचा डावा हात हवेत जाऊन उजवीकडे सर्रकन फिरला. "चल उमरी," त्या म्हणाल्या, "मागं लोक खोळंबलेत."